पेट स्कॅनला येण्याआधी: खोटी चमक कशी टाळायची

परवा संकष्टीला एक मावशी बार्शीहून पेट स्कॅनला, म्हणजे कॅन्सर अंगात कुठे आहे ते शोधणाऱ्या तपासणीला आल्या. पहाटेच निघाल्या होत्या. सुई लावण्याआधी मी नेहमीचा प्रश्न विचारला, "सकाळपासून काही खाल्लंय का?" त्या म्हणाल्या, "नाही गं बाई, आज उपासच आहे माझा." मग मी विचारलं, "उपासाचं काय खाल्लंत?" तेव्हा कळलं: निघताना वाटीभर साबुदाण्याची खिचडी, आणि टेंभुर्णीला गाडी थांबली तेव्हा एक केळं आणि चहा. त्यांना दुपारचा शेवटचा नंबर दिला, तोवर नुसतं पाणी प्यायला सांगितलं आणि स्कॅन नीट पार पडलं. मी दुसरा प्रश्न विचारला नसता तर चित्र गढूळ आलं असतं, आणि गढूळ चित्रावरून डॉक्टरांना मावशींच्या पुढच्या उपचाराचा निर्णय घ्यावा लागला असता.

मी सतरा वर्षं पुण्यात पेट-सीटीच्या मशीनवर टेक्नॉलॉजिस्ट म्हणून काम करते. रिपोर्ट डॉक्टर लिहितात. पण त्या रिपोर्टात काय काय चमकणार, यातलं बरंचसं आदल्या चोवीस तासांत तुमच्या घरी आणि नंतर माझ्या टेबलावरच्या फॉर्मवर ठरतं. म्हणून पेशंटच्या घरच्यांना मी रोज जे तोंडी सांगते, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी चमकतं काय ते समजून घ्या. शिरेतून आम्ही जे औषध देतो त्याचं नाव एफडीजी. ते ग्लुकोजसारखंच असतं, फक्त त्याला फ्लोरिन-18 हा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो. पेशी त्याला साखर समजून आत घेतात, पण पुढे पचवू शकत नाहीत, त्यामुळे ते आतच अडकून राहतं आणि मशीनला दिसतं. कॅन्सरच्या पेशी साखर भरपूर ओढतात, म्हणून चमकतात. पण मेंदूही साखर ओढतो. हृदय ओढतं. नुकतीच राबलेली स्नायूची पेशी ओढते. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ओढतात, भरत आलेली जखम ओढते. मशीनला यांतला फरक कळत नाही. कॅन्सर नसताना चमकलेल्या जागेला डॉक्टर 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणतात. मी पेशंटना 'खोटी चमक' म्हणून सांगते.

या खोट्या चमकेची किंमत फार मोठी असू शकते. छातीतल्या चार गाठी चमकल्या आणि त्या कॅन्सरच्या धरल्या, तर दुसऱ्या स्टेजचा पेशंट कागदावर चौथ्या स्टेजला जातो. मग ज्या ऑपरेशनने तो बरा होऊ शकला असता, ते ऑपरेशनच रद्द होतं. म्हणून मी या गोष्टींच्या इतकी मागे लागते.

तारीख घेताना

आजारी नसलेल्या माणसाने 'एकदा सगळं तपासून घेऊ' म्हणून पेट स्कॅन करू नये. कुणी तसं पॅकेज देत असेल तर नाही म्हणा. धडधाकट माणसाच्या अंगातही कुठे ना कुठे काहीतरी चमकतं: थायरॉइड, एखादी जुनी गाठ, आतड्याचा तुकडा. मग त्या एका ठिपक्यामागे सोनोग्राफी, सुई तपासणी आणि घरभर काळजी सुरू होते.

ज्यांना डॉक्टरांनी सांगितलं आहे त्यांनी तारीख घेताना मागचे उपचार केव्हा झाले ते मोजावं. ऑपरेशनची जखम साधारण सहा आठवडे चमकू शकते. रेडिएशननंतर ती जागा सुजलेली असते, म्हणून उपचाराचा परिणाम बघायचा असेल तर साधारण तीन महिने थांबतात. घशाच्या आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये रेडिएशन संपल्यावर बारा आठवड्यांनी स्कॅन करण्याची पद्धत आहे ती त्यासाठीच. केमोनंतर दोन-तीन आठवडे जाऊ द्यावे लागतात. केमोत पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी पोटावर किंवा दंडावर जे इंजेक्शन देतात, त्याने हाडांमधला मगज आणि प्लीहा सगळीच्या सगळी उजळते. त्या इंजेक्शननंतर दोन आठवड्यांचं अंतर हवं. सर्दी-ताप, न्यूमोनिया, दाताचं गळू चालू असेल तर फोन करून सांगा. हे अंतर कधी मोडायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील. उपचार तातडीने सुरू करायचा असेल तर स्कॅनही तातडीने होतं. तुमचं काम एवढंच, की तारखा त्यांच्यासमोर ठेवायच्या.

पाळी चालू असलेल्या बायकांनी पाळीची तारीख सांगावी. पाळीच्या दिवसांत गर्भाशयाचं अस्तर चमकतं आणि महिन्याच्या मधल्या काळात बीजकोश. पाळी संपल्यावर लगेचचे दिवस त्यातल्या त्यात बरे. हा प्रश्न विचारला की सोबतच्या भावाकडे किंवा मुलाकडे बघून बायका गप्प बसतात. मी त्यांना पडद्याआड नेऊन विचारते. तुम्हाला कुणी विचारलं नाही तर आपणहून नर्सला सांगा.

फॉर्म भरताना

हा भाग मी सगळ्यात महत्त्वाचा मानते, आणि लोक याच भागात घाई करतात. मुलगा फॉर्म भरतो, आई बाजूला बसलेली असते. मुलाला आईची औषधं ठाऊक असतात, पण मागच्या आठवड्यात ती मोरीत घसरून बरगडीवर आपटली होती, हे आईने त्याला सांगितलेलंच नसतं. बरगडीचं बारीक फ्रॅक्चर स्कॅनमध्ये ठळक चमकतं, आणि ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटच्या बरगडीवर चमक दिसली की डॉक्टरांच्या मनात पहिला विचार काय येईल ते तुम्हीच ओळखा.

म्हणून आदल्या रात्री पेशंटसोबत निवांत बसा आणि एका कागदावर लिहून काढा. गेल्या तीन महिन्यांत कुठे पडलात, मार लागला का? दात काढला का? कमरेवर, दंडावर, पोटावर इंजेक्शनं घेतलीत का, कोणत्या बाजूला? तुकडा काढून तपासणी झाली का, कुठून? कमरेच्या हाडातून मगज काढला असेल तर ती जागासुद्धा चमकते. छातीत पाणी झालं होतं का, आणि ते पुन्हा होऊ नये म्हणून आत पावडर सोडली होती का? ती पावडर वर्षानुवर्षं चमकत राहते. आधी टीबी झाला होता का, घरात कुणाला झाला होता का? स्टिरॉइड, मधुमेहाच्या गोळ्या, थायरॉइडची गोळी चालू आहे का? केमो देण्यासाठी शिरेत नळी किंवा पोर्ट बसवलेला आहे का?

आणि लस. 2021 च्या उन्हाळ्यातली एक गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही. एका ताईंचं उजव्या स्तनाचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालेलं, फॉलोअपचं स्कॅन होतं. डाव्या काखेत तीन-चार गाठी चमकल्या. आमच्या फॉर्ममध्ये तेव्हा लसीचा प्रश्न नव्हता आणि मीही विचारलं नाही. रिपोर्टात लिहून आलं की दुसऱ्या बाजूला पसरल्याची शक्यता नाकारता येत नाही. सुई तपासणी झाली, त्यात साध्या सुजेच्या गाठी निघाल्या. त्यानंतर कळलं, स्कॅनच्या नऊ दिवस आधी त्यांनी डाव्या दंडात कोविडची लस घेतली होती. लस आपलं काम करत होती, म्हणून काखेतल्या गाठी जाग्या झाल्या होत्या. पण त्या तीन आठवड्यांत त्यांनी लेकीच्या लग्नाचे दागिने वाटून टाकले होते. मी एक प्रश्न विचारला असता तर ते टळलं असतं. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक फॉर्मवर पेनने लिहायला लागले: लस, तारीख, कोणता दंड. तुम्ही कोणतीही लस घेतली असेल, फ्लूची असली तरी, हे तिन्ही सांगा. ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशंटनी लस ऑपरेशन न झालेल्या बाजूच्या दंडात घ्यावी, आणि जमत असेल तर लस आणि स्कॅन यांत चार ते सहा आठवडे जाऊ द्यावेत.

आदला दिवस

चोवीस तास अंगमेहनत नको. शेतावरच्या लोकांना हे पटवणं अवघड जातं. 'पाण्याची पाळी होती, रात्री मोटर चालू करून दारं मोडून आलो' असं सांगणारे काका माझ्याकडे येतात, आणि त्यांच्या खांद्यांचे, मांड्यांचे स्नायू चित्रात पट्ट्यापट्ट्यांनी उजळतात. जिम, पळणं, जड बॅगा उचलणं, गडावर जाणं, कपडे बडवणं, सगळं एक दिवस राहू द्या.

जेवणात भात, पोळी, भाकरी, बटाटा, साबुदाणा, फळं, गोड कमी करा. अंडी, मासे, चिकन, पनीर, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे चालतील. स्कॅनच्या आधीचे सहा तास नुसतं पाणी, आणि ते भरपूर. उपासाचे पदार्थ हे खाणंच आहे. चहा हे खाणंच आहे, बिनसाखरेचा असला तरी त्यात दूध असतं. खोकल्याचं औषध गोड असतं, तेही नको. खडीसाखर, चघळायची गोळी, प्रसादाचा पेढा नको. पेशंट वॉर्डात दाखल असेल तर तिथल्या सिस्टरना आठवण करा की सलाईनमध्ये ग्लुकोज नको. बाटलीवर डेक्स्ट्रोज लिहिलेलं असेल तर विचारा.

पोट भरलेलं असताना शरीरात इन्शुलिन वाढलेलं असतं, आणि ते एफडीजीला स्नायूंमध्ये ढकलतं. त्याने स्नायू खोटे चमकतात, आणि खरी गाठ मात्र फिकी पडून लपू शकते. मधुमेहाच्या पेशंटचं इन्शुलिनही असंच काम करतं. एक काका शुगर वाढली म्हणून गाडीतच इन्शुलिन टोचून आले होते. आकडा उत्तम होता, पण चित्र वाया गेलं असतं. झटपट काम करणारं इन्शुलिन आणि आमची सुई यांत निदान चार तास हवेत. शुगर 200 च्या वर असेल तर आम्ही थांबतो. मेटफॉर्मिन या गोळीने आतडी चमकतात, इतकी की त्यात काही असलं तरी कळत नाही, आणि नसलं तरी असल्यासारखं वाटतं. ती 48 तास आधी थांबवायला सांगतात, पण मधुमेहाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्वतःच्या मनाने बंद करू नका. नंबर घेताना फोनवरच 'मधुमेह आहे' असं सांगितलंत की सगळं आधीच ठरवता येतं.

थंडी

याबद्दल घरच्यांना सहसा कुणी सांगत नाही. आपल्या मानेत, गळपट्टीच्या हाडाच्या वर आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना थोडी तपकिरी चरबी असते. तिचं काम शरीराला ऊब देणं. थंडी वाजली की ती साखर जाळू लागते आणि स्कॅनमध्ये दिव्यांच्या माळेसारखी दिसते. तरुण, सडपातळ पेशंट, त्यातही मुली, यांच्यात ती जास्त दिसते. आणि लिम्फोमाच्या, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या गाठीही नेमक्या मानेत आणि गळपट्टीच्या वर येतात.

जानेवारीतली गोष्ट. बावीस वर्षांची मुलगी, हॉजकिन्स लिम्फोमाचे उपचार पूर्ण झालेले, सगळं संपलं का ते बघायला आलेली. सकाळी साडेसहाला वडिलांच्या स्कूटरवर मागे बसून, अंगावर एक ओढणी. हात बर्फासारखे होते, मला शीर सापडेना. मी तिला गरम पाण्याची पिशवी आणि दोन ब्लँकेटं दिली, पण उशीर झाला होता. चित्रात मान दोन्हीकडून उजळलेली. डॉक्टरांनी सीटीच्या चित्रावर ठिपके जुळवून पाहिले. बहुतेक जागी गाठ नव्हती, चरबीच होती. पण एक ठिपका असा होता की तिथे जुनी लहान गाठही होती. चरबी चमकते आहे की गाठ, हे सांगणं अशक्य झालं. पुन्हा स्कॅन करावं लागलं, पुन्हा तेवढेच पैसे, वडिलांनी ते कुठून आणले मला ठाऊक नाही. दुसऱ्या वेळी ती स्वेटर, मोजे, कानटोपी घालून काचा लावलेल्या गाडीतून आली, डॉक्टरांनी आधी ही चरबी शांत ठेवणारी एक प्रोप्रॅनोलॉलची गोळी दिली, मी खोली तासभर आधी तापवून ठेवली. मान स्वच्छ आली.

तर थंडीत, पावसाळ्यात आणि एसी गाडीतून येताना पेशंटला उबदार कपडे घाला. दुचाकी नको. एसी बंद. आदल्या रात्रीपासून ऊब हवी. गोळी मात्र डॉक्टरांनी दिली तरच घ्यायची, दमा असणाऱ्यांना ती चालत नाही.

सुई लावल्यावरचा तास

एफडीजी आमच्याकडे पहाटे मुंबईहून गाडीने येतं आणि दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. म्हणून घाटात ट्रॅफिक लागला की आमची धावपळ होते. तुम्ही शांत राहा. सुई टोचताना जळजळ झाली किंवा हात फुगला तर तेव्हाच ओरडून सांगा. औषध शिरेबाहेर गेलं तर त्याच हाताच्या काखेतली गाठ खोटी चमकू शकते. ब्रेस्टचं ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हाताला सुई लावू देऊ नका, दुसरा हात पुढे करा.

नंतर साधारण तासभर पडून राहायचं. बोलायचं नाही, फोन नाही, काही चघळायचं नाही. तंबाखू, सुपारी, मिश्री, च्युइंगम, सगळ्याने जबड्याचे स्नायू चमकतात. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटला याचा अर्थ काय, हे वेगळं सांगायला नको. एक आजोबा तासभर पुटपुटत हरिपाठ म्हणत होते, बाहेर आवाज येत नव्हता म्हणून मला कळलं नाही. स्वरयंत्र दोन्ही बाजूंनी लख्ख आलं. तेव्हापासून मी माळ हातात असलेल्या प्रत्येकाला सांगते, नाम मनात घ्या, ओठ हलवू नका, माळही बाजूला ठेवा.

मशीनवर जाण्याआधी लघवी करून या. एफडीजी लघवीतून बाहेर पडतं, म्हणून एखादा थेंब पायजम्यावर पडला तरी तो मांडीच्या हाडावरच्या ठिपक्यासारखा दिसू शकतो. थेंब पडला तर न लाजता सांगा, कपडे बदलायला आमच्याकडे गाऊन असतात.

रिपोर्ट हातात आल्यावर

तो घरी बसून गूगलवर वाचू नका. त्यात 'एसयूव्ही मॅक्स' असा आकडा असतो, म्हणजे त्या जागेने एफडीजी किती ओढलं त्याचं माप. आकडा मोठा म्हणजे कॅन्सर, लहान म्हणजे नाही, असं नसतं. टीबीच्या गाठीचा एसयूव्ही दहाच्या वर जाताना मी पाहिला आहे, आणि काही हळू वाढणारे कॅन्सर दोनच्याही आत राहतात. शुगर, वजन, सुई आणि स्कॅन यांतला वेळ, मशीन, या सगळ्यांनी आकडा बदलतो. म्हणून पुढचं स्कॅन शक्यतो त्याच सेंटरला करा.

टीबीचं मी मुद्दाम लिहिते. आपल्या देशात टीबी इतका आहे की छातीत, मानेत, पोटात चमकलेल्या गाठींच्या बाबतीत त्याचा विचार करावाच लागतो. अठ्ठावन्न वर्षांच्या एक काकू, स्तनात गाठ, उपचार सुरू व्हायच्या आधीचं स्कॅन. छातीच्या मध्यभागी श्वासनलिकेशेजारी गाठी चमकल्या. रिपोर्टात पसरल्याची शंका, पण खाली एक ओळ होती: तुकड्याच्या तपासणीशी पडताळून बघावं. जावयांनी वरचं वाचून सगळ्यांना चौथी स्टेज सांगून टाकलं. खालची ओळ त्यांच्या सर्जननी वाचली. श्वासनलिकेतून दुर्बीण घालून त्या गाठींतून सुईने नमुना घेतला. टीबी निघाला. काकूंना टीबीची औषधं सुरू झाली आणि स्तनाचा उपचार बरं करण्याच्या हेतूने झाला, ऑपरेशनसकट.

उलटंही पाहिलं आहे. 'टीबीच असेल' म्हणून तुकडा न काढता पाच महिने टीबीच्या गोळ्या खाल्लेला तरुण आमच्याकडे आला, त्याला लिम्फोमा होता. तेव्हा चमक खोटी आहे असं घरी ठरवू नका, आणि खरी आहे असंही नको. ज्या ठिपक्याने स्टेज बदलते किंवा उपचार बदलतो, त्याचा तुकडा घेता येईल का, हा प्रश्न डॉक्टरांना स्पष्ट विचारा. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' हे गावोगाव ऐकू येतं. त्या भीतीने तपासणी नाकारू नका. कोणत्या गाठीला कुठून सुई लावायची आणि कोणत्या गाठीला लावायची नाही, हे डॉक्टरांना ठाऊक असतं. तुकडा घेणं शक्य नसेल तर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा बघण्याचा पर्याय आहे का, तेही विचारा.

शेवटचं काम स्कॅनच्या आदल्या रात्रीचं: जुन्या सगळ्या सीटी, एमआरआय, पेटच्या सीडी शोधून पिशवीत भरा. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही, चित्रं हवीत. एका निवृत्त शिक्षकांच्या फुफ्फुसात वरच्या बाजूला एक डाग हलका चमकला होता. जुनं काही आहे का विचारलं, तर त्यांच्या पत्नी म्हणाल्या, घरी कपाटात साड्यांखाली एक सीडी आहे बहुतेक. मुलगा हडपसरला जाऊन घेऊन आला. 2014 चं सीटी होतं. डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. तोच डाग, त्याच जागी, तेवढाच.